एकवीस दिवस उघडी राहिलेली झडप

आमच्या केंद्राच्या साहेबांना काय मिळणार होतं, ते आधी सांगते. वर्षानुवर्षं रडतखडत चाललेली निवळण टाकी दुरुस्त झाली असती. ती दुरुस्त होईपर्यंत नदीत थोडं मळकं पाणी गेलं, तरी कुणी त्यांचा कान पकडला नसता. आणि दोन वर्षांनी निवृत्त होताना ‘माझ्या काळात केंद्रावर एकही ठपका आला नाही’ असं छाती पुढे काढून सांगता आलं असतं. एवढ्या सगळ्यासाठी साहेबांच्या पदरचं जाणार होतं काय, तर एक पत्र आणि एक सही. इतका स्वस्त सौदा पाहिला की मला धास्तीच वाटते. किंमत कुठे तरी असतेच. आपल्या ताटात दिसली नाही, तर ती दुसऱ्याच्या ताटात वाढलेली असते.

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी झडप आहे. उंचीला माणसाच्या छातीएवढी, आणि जाड म्हणाल तर चार बोटं. शहराचं सांडपाणी जिथे स्वच्छ होतं, त्या केंद्रात मी उभी आहे. माझ्या एका अंगाला शहराच्या सगळ्या मोऱ्यांचं पाणी येऊन तुंबतं आणि दुसऱ्या अंगाला नदीकडे जाणारा पाट आहे. माझं काम ऐकलंत तर हसाल. गप्प बसणं आणि बंद राहणं, एवढंच माझं काम. मी बंद राहिले की ते घाण पाणी निमूटपणे बाजूच्या टाक्यांमध्ये जातं, तिथे त्यातला गाळ खाली बसतो आणि ते निवळून पुढे जातं. मी उघडले, तर तसंच्या तसं नदीत.

मला बसवलं त्या दिवशी तेव्हाच्या इंजिनिअरनं बोटाच्या पेरानं माझ्यावर टकटक केली आणि खाली वाकून पाहिलं. एक थेंब गळत नव्हता. “ही आपली राखणदार,” तो म्हणाला. आयुष्यात माझं कौतुक झालं ते तेवढंच. चालणाऱ्या यंत्राकडे सगळे बघतात. बंद राहणाऱ्या वस्तूकडे कोण बघणार?

बघणारा एकच होता, आमचा फिटर. माझ्या डोक्यावर एक मोठं चाक आहे. ते फिरवलं की आटे पाडलेली एक दांडी मला वर ओढते किंवा खाली सोडते. नियम असा, की दर महिन्याला मला पूर्ण वर न्यायचं, पूर्ण खाली आणायचं, दांडीला ग्रीस लावायचं आणि रजिस्टरात ‘झडप चालवून पाहिली’ या ओळीपुढे खूण करायची. नाही तर आट्यांत गंज धरतो. सुरुवातीची वर्षं फिटरनं हे इमानेइतबारे केलं. पण मला वर उचललं की थोडं पाणी नदीत जायचंच. आणि नदीकाठी, दोन मैल खाली, फिटरच्या थोरल्या बहिणीचं माशांच्या पिल्लांचं केंद्र होतं. बोटाएवढी पिल्लं, बोटुकली म्हणतात त्यांना. सहा टाक्या भरून बोटुकली, आणि पाणी नदीचं. ही आक्का दर महिन्याला पदर खोचून केंद्राच्या फाटकावर यायची.

“तुझ्या त्या चाकाला हात लागला की माझी पोरं उलटी तरंगतात,” ती म्हणायची. “पगार तुला आणि कळा मला?”

फिटर आळशी नव्हता हो. भावानं बहिणीसाठी करावं ते त्यानं केलं. आधी तो चाकाला अर्धाच फेरा द्यायला लागला. मग नुसता हात लावायला लागला. मग खुर्चीवर बसून, चहाचा कप रजिस्टरावर ठेवून, त्या ओळीपुढे खूण करायला लागला. अकरा वर्षं. महिन्याला एक, म्हणजे एकशे बत्तीस खुणा. आक्का खूश, फिटर खूश, साहेबांचं रजिस्टर भरलेलं. मी तेवढी गंजत होते.

मग निवळण टाकीतला गाळ ओढणारा लोखंडी हात मोडला. टाकी रिकामी केल्याशिवाय दुरुस्ती होणार नव्हती आणि टाकी रिकामी केली तर अर्धं पाणी ठेवायचं कुठे? म्हणून साहेबांनी पाण्यावर देखरेख ठेवणाऱ्या कार्यालयाकडे तात्पुरती सवलत मागितली. तिथून एक निरीक्षक बाई आल्या. त्यांनी चिखलात पाय घालून सगळं पाहिलं आणि शेवटी रजिस्टर उघडलं.

“ही झडप दर महिन्याला चालवता?”

“अगदी नियमानं,” साहेब म्हणाले.

फिटर आपल्या बुटांकडे बघत राहिला. बाईंनी सवलत दिली, पण मोजून मापून. एकवीस दिवस. त्यात अर्धं पाणी जाळीतून गाळून, औषध घालून माझ्यावाटे नदीत सोडायला परवानगी. सकाळ-संध्याकाळ नमुना तपासायचा, खालच्या लोकांना आधी कळवायचं, आणि एकविसाव्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता मी बंद.

फिटर आक्काला सांगायला गेला नाही, आक्काच आली. माझ्याशेजारच्या कठड्याला टेकून उभी राहिली.

“मी माझं तळं भरून ठेवते आणि टाक्यांचं नदीकडचं तोंड बंद करते,” ती म्हणाली. “जपून वापरलं तर एकवीस दिवस पुरेल. पण एकवीस म्हणजे एकवीस ना रे? तुझं ‘हा आलोच’ तासाभराचं असतं.”

“आक्का, कागदावर शिक्का आहे.”

“शिक्क्यानं पाणी थांबत नाही. तू थांबवणार का?”

“थांबवीन.”

“मग ठीक आहे.” आणि जाता जाता माझ्या चाकावर एक थाप मारून गेली. तिला काय ठाऊक, तिच्याच धाकानं न फिरवलेलं हे चाक अकरा वर्षं गंजत होतं.

पहिल्या दिवशी मला उघडायला आले तेव्हा चाक जागचं हललं नाही. फिटरनं चाकात एक लांब पाइप अडकवला आणि दोन मजूर त्याला लोंबकळले. मी किंचाळत वर आले. सगळ्यांनी हुश्श केलं. पण दांडी वरच्या बाजूला बोटभर वाकली होती, आणि वर कुणी पाहिलं नाही. मला कळत होतं, पण सांगणार कशी? लोखंडाला एकच बोली येते, करकरण्याची, आणि ती तर त्यांनी नुकतीच ऐकून सोडून दिली होती.

काम मात्र जोरात झालं. पाणी तपासणाऱ्या लॅबच्या ताई सकाळ-संध्याकाळ नमुन्याची बाटली भरून न्यायच्या. विसाव्या दिवशी टाकीतला नवा हात फिरायला लागला. एकविसाव्या दिवशी दुपारी चार वाजता फिटरनं माझं चाक धरलं. मी खाली यायला लागले. आले, आले आणि वीतभर उरलं असताना अडकले. दांडीचा वाकलेला भाग आता चाकाखालच्या पकडीत शिरत होता. पाइप लावला, मजूर लोंबकळले, पुन्हा तेच. माझ्याखालून घाण पाणी गडगडत नदीकडे जात होतं.

साहेब आले. त्यांनी घड्याळ पाहिलं, मला पाहिलं, पुन्हा घड्याळ पाहिलं.

“वीतभरच तर आहे,” ते म्हणाले. “बंद केली असं लिहा. उद्या निवांत बघू.”

“साहेब, सहाची बाटली मी भरणार आहे,” लॅबच्या ताई म्हणाल्या. “तुम्ही काय लिहिलंय ते बाटलीला वाचता येत नाही.”

“मग मुदत वाढवून मागू. जुनी झडप, गंजली, असं सांगू.”

“गंजली कशी, ते विचारतील,” फिटर म्हणाला. त्यानं पाइप खाली ठेवला. “मी फिरवलीच नाही, साहेब. अकरा वर्षं.”

“ते मला ठाऊक आहे रे,” साहेब हळूच म्हणाले. “पण मी ते ऐकलेलं नाही. तूही बोललेला नाहीस.”

फिटरनं थोडा वेळ माझ्याखालच्या पाण्याकडे पाहिलं. मग त्यानं स्वतःच निरीक्षक बाईंना फोन लावला आणि एकशे बत्तीस खुणांसकट सगळं सांगून टाकलं. साहेब कठड्याला धरून उभे होते, रंग उडालेल्या भिंतीसारखे.

“टाकी तयार झाली ना?” बाईंचा आवाज आला. “मग सवलत संपली. ती दुरुस्तीसाठी होती, तुम्ही न केलेल्या कामासाठी नव्हती. सहानंतर जे पाणी जाईल, ते उल्लंघन म्हणून नोंदवा. आणि आधी खालच्या लोकांना कळवा, मग पाना उचला.”

फिटरनं आक्काला फोन लावला. सगळ्यात अवघड तोच होता.

“आक्का, सहाला नदीचं पाणी घेऊ नकोस.”

“मग कधी घेऊ?”

“सांगता येत नाही.”

“तळ्यात गुडघाभरसुद्धा नाही रे,” आक्का म्हणाली. “सहा टाक्यांना सकाळपर्यंत पुरणार नाही.”

“मग काय करशील?”

“कुठल्या टाक्या पाण्यावाचून सोडायच्या ते ठरवीन. तू तुझं बघ.”

साडेपाच वाजले होते. फिटरनं हातकरवत काढली.

“दांडी कापतोस?” साहेब म्हणाले. “मग झडप महिनाभर वर घेता येणार नाही.”

“वर नकोच आहे, साहेब. खाली हवीय.”

त्यानं कापायला सुरुवात केली. एक पातं तुटलं, दुसरं तुटलं. सहा वाजले तेव्हा ताईंनी बाटली भरली आणि तिच्यावर वेळ लिहिली. पाऊण दांडी कापून झाली, पण पाण्याचा दाब मला खोबणीत असा चिकटवून होता, की दांडी तुटली तरी मी पडले नसते. आता साहेबांची पाळी होती. शहराचं पाणी इकडे ढकलणारे पंप थांबवले तर दाब उतरणार होता, पण जास्त वेळ थांबवले तर शहरातल्या मोऱ्या उलट्या वाहणार होत्या, आणि तो हुकूम फक्त साहेब देऊ शकत होते.

“दहा मिनिटं,” साहेब म्हणाले. “अकरावं नाही.”

पंप थांबले. इतकी शांतता मी तिथे कधी ऐकली नव्हती. पाणी इंच इंच उतरत होतं आणि करवत चालू होती. साहेब घड्याळ मोठ्यानं वाचत होते. पाच. सात. आठ. नवव्या मिनिटाला दांडी कडकन तुटली. मी थरथरले आणि स्वतःच्या वजनानं खाली येऊन माझ्या जागी बसले. एक थेंब गळला नाही. फिटरनं कपाळ माझ्यावर टेकलं. सहा वाजून पन्नास मिनिटं झाली होती.

पण नदीत गेलेलं पाणी कुणाला परत बोलावता येत नाही. ताईंचा नमुना दुसऱ्या दिवशी दुपारी चांगला आला, तेव्हा कुठे आक्कानं नदीकडचं तोंड उघडलं.

मित्रांनो, मला आता नवी दांडी आहे. दर महिन्याला बेचाळीस फेरे वर, बेचाळीस फेरे खाली. ताई शेजारी उभ्या राहून फेरे मोजतात. आदल्या दिवशी फिटर आक्काला फोन करतो आणि ती तासभर नदीकडचं तोंड बंद ठेवते. झालं. अकरा वर्षं जे टाळलं, ते एवढंच होतं. म्हणून तुम्हाला सांगते, तुमच्या घरात, शाळेत, गल्लीत जे काही नुसतंच बंद, गप्प, बिनकामाचं दिसतं ना, त्यालाही अधूनमधून हात लावून बघा. नुसती खूण करू नका. गरज पडेल त्या दिवशी त्याला शिकवायला वेळ नसतो.

आता कोणी काय भरलं, ते. साहेबांवर एक ठपका आला आणि निवृत्तीच्या भाषणातलं एक वाक्य गेलं. फिटरची वेतनवाढ एक वर्ष थांबली. मी एक दांडी दिली. शहरानं काहीच दिलं नाही. त्याला कळलंसुद्धा नाही. त्या महिन्याच्या पानावर ‘झडप चालवून पाहिली’ या ओळीपुढे फिटरनं खूण केली नाही. तिथे त्यानं लिहिलं, ‘आक्काच्या टाक्या, दोन’, आणि खाली सही केली.