सोमाजीच्या मोहावरची बाई

करडी गावाच्या पुढे आमचं गाव. यंदा धान निघाल्यावर तिथे एक बाई ओरडू लागली. दिवस मावळला की बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, काठावरून, सोमाजीच्या शेतातल्या मोहाच्या झाडातून आवाज यायचा, "ऐकू नाई येत का? येऊ का मी तिकडं?" बाई मात्र कुणाला दिसली नाही. आठवड्याभरात लोकांनी तिला उलटे पाय, पांढरं लुगडं आणि दोन बळी मिळवून दिले. त्यांतला एक नंतर बकऱ्यांच्या कळपात सापडला, दुसरा तुमसरला मावशीकडे.

न दिसणाऱ्या बाईवर गावाचं समाधान होईना. बोडीला लागून पार्वताबाईचं घर. विधवा, एकटी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. म्हणजे संशयाला लागणारी सगळी कागदपत्रं तयार. "तिचंच काम हाय हे," असं पहिल्यांदा बोलली सोमाजीची बायको रुखमिणी. रुखमिणी आपल्या अंगणात बोलली तरी पुढच्या गावाला निरोप लागत नाही. बोअरिंगवर पार्वताबाईची पाण्याची गुंडी लोक बाजूला सारू लागले. दुकानदार तिला साखर लांबूनच देऊ लागला. तिने भावाकडे जायला ट्रंक भरली.

त्यात नागपूरहून चॅनेल आलं, सकाळी अकराला. चंद्रकुमार पत्रकार आणि घनश्याम कॅमेरावाला. "कोण आहे ती बाई? नाव आज रात्री आठ वाजता," अशी जाहिरात चंद्रकुमारने वाटेतूनच पाठवून दिली होती. मग त्याने तपासाला सुरुवात केली.

"काकू, केस मोकळे सोडता का जरा?" त्याने पार्वताबाईला विचारलं.

"काहून? उवा पाहाच्या हायेत का तुले?"

रुखमिणी न बोलावता माइकपुढे आली. "मी सांगतो ना भाऊ! आवाज वळखतो मी, हिचाच हाय. असा फाटका गळा गावात दुसऱ्या कोनाचा हाय?"

मागे उभ्या सोमाजीने टोपी काढली आणि पुन्हा घातली.

चंद्रकुमारला रात्रीचा सीन हवा होता, पण तीनला परतायचंही होतं. घनश्यामने गाडीतून मोठं काळं कापड काढलं आणि मोहाच्या खालच्या फांद्यांवर फेकलं. खाली बऱ्यापैकी अमावस्या झाली.

आणि मोह ओरडला, "ऐकू नाई येत का? येऊ का मी तिकडं?"

चंद्रकुमार थेट गाडीत सापडला. घनश्यामने घाबरून कापड ओढलं, तर त्याबरोबर फांदीवरचा एक भोंगा आणि सोलरची पाटी खाली आली. कापडाखालून भोंगा बोलतच राहिला. त्याचं पुढचं वाक्य गावाने कधी ऐकलं नव्हतं, कारण तोवर सगळे पळालेले असायचे.

"चाय थंडा होऊन राहिला, अन् हे बसले टीव्हीपुढं!"

सगळ्यांनी रुखमिणीकडे पाहिलं.

"कोनाचा आवाज होय गा हा?" तिने सोमाजीला विचारलं.

"तुहाच." सोमाजी जमिनीकडे पाहत बोलला. "लाखोरीच्या पिकात रानडुकरं घुसून राहिले होते. माह्या आवाजाले भेत नव्हते. म्हनलं, मी ज्याले भेतो त्याले ते बी भेतीन. चुपचाप मोबाइलमधी भरून घेतला. अंधार पडला का मशीन आपोआपच सुरू होते."

"मंग सांगितलं काहून नाई?" पार्वताबाईने विचारलं.

"भूत आलं तवापासून मानसं बी लाखोरीची भाजी खुडत नव्हते." त्याने टोपी हातात घेतली. "चुकलं माह्यं, बाई."

चंद्रकुमारने फोन लावला. "सर, भूत नाही, डुकरं हाकायचं मशीन आहे... हो, खरं काय ते सापडलं... नाही सर, त्याशिवाय काहीच नाही." फोन ठेवून तो घनश्यामला म्हणाला, "आवर. यात बातमी नाही."

पण जाहिरात तर गेली होती. आठ वाजता सगळं गाव सरपंचाच्या ओसरीवर टीव्हीपुढे बसलं. पार्वताबाई दाराशी उभी. पडद्यावर आली लांबच्या कुठल्याशा जिल्ह्यातली दूध देणारी विहीर. अर्धा तास विहीरच चालली. पार्वताबाईचं नाव आलं नाही. दुकानदाराने उठून तिला खुर्ची दिली. ती बसली, विहीर शेवटपर्यंत पाहिली आणि घरी जाऊन ट्रंकेतले कपडे पुन्हा दांडीवर टाकले.

दुसऱ्या दिवशी मावळतीला ती सोमाजीच्या शेतात लाखोरीची भाजी खुडत होती. मशीन पुन्हा मोहावर चढलं होतं.

"ऐकू नाई येत का? येऊ का मी तिकडं?"

"ये ना वो," पार्वताबाई मान वर न करता म्हणाली. "येतानी टोपली घेऊन येजो."

शेताच्या धुऱ्यावर खरी रुखमिणी उभी होती. ती टोपली आणायला गेली.