बिशप्स कटमधल्या एकोणीस वाम

'वाम पकडली' असं जेबेझ मर्फिट आयुष्यात कधी म्हणाला नव्हता. इंग्लंडमधल्या फेनच्या त्या सपाट, पाणथळ मुलखात असं बोलणारा माणूस बाहेरचा, हे पोरासोरांनाही कळायचं. विलोच्या फोकांनी विणलेल्या लांब टोपलीत वाम शिरली, तर ती 'टोपलीत बसली'. लोकरीच्या धाग्यात गांडुळं ओवून त्यांचा गोळा पाण्यात सोडला आणि चावणाऱ्या वामेचे दात लोकरीत गुंतले, तर ती 'दातावर आली'. हिवाळ्यात चिखलात दडलेली वाम चपट्या पात्यांच्या भाल्यानं वर काढली, तर ती 'ग्लीव्ह केली', कारण त्या भाल्याचं नावच ग्लीव्ह. तीन कामं, तीन शब्द. जेबेझनं एकाच्या जागी दुसरा कधी वापरला नाही.

हेच शब्द टिपायला १९५६च्या मार्चमध्ये मिस ऑड्रे पेनिंग त्याच्या घरी आली. विद्यापीठातर्फे ती गावोगाव हिंडत होती. ससा फासात कसा घेतात, चिचुंदरीला सापळा कसा लावतात, कुठं कोणतं क्रियापद वापरतात, सगळं वहीत उतरवून घ्यायची.

"नुसता शब्द नको, मिस्टर मर्फिट," ती म्हणाली. "तुम्ही तो वापरता कसा, ते हवंय. एखादं वाक्य सांगा."

"कसलं वाक्य?"

"कुठलंही."

"कुठलंही कसं सांगू? घडलेलंच सांगणार ना."

चुलीपाशी त्याची बायको केझाया डुकराचं मटण उकडत होती. ती न वळता म्हणाली, "चहा घ्या, मिस. चॅपेलमध्ये प्रार्थनेला उभा राहिला तरी हा आधी तारीख आठवतो. याचं वाक्य येईपर्यंत कप थंड होईल."

टोपलीचं वाक्य झालं, लोकरीचं झालं. मग जेबेझ खिडकीबाहेर बघत म्हणाला, "या जानेवारीत बर्फ धरला तेव्हा मी बिशप्स कटमध्ये एकोणीस वाम ग्लीव्ह केल्या."

केझायाचा चमचा थांबला. भाल्यावर तीन वर्षांपूर्वी बंदी आली होती. बिशप्स कट हा कालव्याचा पाऊण मैलाचा तुकडा नदी मंडळाच्या परवान्यावर जेबेझकडे होता, त्याआधी त्याच्या बापाकडे होता. परवान्यावर पहिलीच अट भाला न वापरण्याची होती.

"एवढं लिहू नका, मिस," केझाया म्हणाली.

"याच्या दोनशे प्रती निघणार, मिसेस मर्फिट. त्याही ग्रंथालयांत जाणार. वाचणार प्राध्यापक लोक."

"मग नाव तरी नको."

"प्रत्येक वाक्याखाली बोलणाऱ्याचं नाव असतं. तोच तर आमचा नियम आहे."

जेबेझनं हात वर केला. "राहू दे गं. शब्द माझा आहे, नावही माझंच पाहिजे." आणि मिस पेनिंगच्या वहीवर वाकून म्हणाला, "मर्फिटच्या शेवटी दोन टी. सगळे एकच लिहितात."

पुढच्या वर्षी ऑक्टोबरात पुस्तक आलं. प्राध्यापकांनी ते वाचलं की नाही, कळलं नाही. पण बाजारगावच्या साप्ताहिकानं त्यातली गमतीदार वाक्यं निवडून अर्धा रकाना भरला. एकोणीस वाम त्यात तिसऱ्या क्रमांकावर होत्या, खाली दोन टींसकट नाव होतं. गावातल्याच दुसऱ्या मासेमारानं, वॉल्टर फिअरीनं, तो रकाना कापून मंडळाच्या कचेरीत नेऊन दिला. त्याच्याकडे कारखान्यात विणलेली, कड्यांची नवी जाळी होती, आणि ती लावायला परवान्याचं पाणी नव्हतं.

मंडळाचे चिटणीस मिस्टर टेब यांनी जेबेझला बोलावून घेतलं. टेब वाईट माणूस नव्हता. लहानपणी दोघं एकाच कालव्यावर बर्फात घसरत शाळेला गेले होते. टेबलावर कात्रण ठेवून तो म्हणाला, "जेबेझ, ती बाई शब्द विचारत होती. तू तिला उदाहरण म्हणून सांगितलंस. तुझ्या वडिलांच्या वेळची गोष्ट असणार. हो ना?"

शेजारी बसलेले मंडळाच्या समितीचे दोघे सभासद खाली बघत होते. सगळं ठरलेलं दिसत होतं. जेबेझनं फक्त मान हलवायची होती.

"हो," तो म्हणाला. "वडिलांच्या वेळची."

चॅपेलात सदतीस वर्षं पहिल्या बाकावर बसलेल्या माणसाचा हा शब्द. टेबनं तो लिहून घेतला.

"झालं तर. त्या बाईंकडून दोन ओळी मागवतो आणि फाइल बंद करतो."

घरी आल्यावर त्यानं केझायाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "घडलेलंच सांगणारा ना तू?" मग तिनं त्याच्यापुढे ताट ठेवलं.

मिस पेनिंगचं उत्तर आठवड्यात आलं. टेबनं जेबेझला पुन्हा बोलावून ते समितीपुढे मोठ्यानं वाचलं. पुस्तकातलं एकही वाक्य रचलेलं नाही, असं प्रस्तावनेत छापलेलं होतं, आणि याच पुस्तकावर तिची विद्यापीठातली नेमणूक ठरायची होती. तिनं लिहिलं होतं, 'मिस्टर मर्फिट यांचं वाक्य त्यांच्या स्वतःच्या अनुभवाचं, १९५६च्याच जानेवारीतलं आहे. न घडलेलं काहीही सांगायला त्यांनी साफ नकार दिला. इतका प्रामाणिक बोलणारा मला साऱ्या परगण्यात दुसरा भेटला नाही.'

टेबनं पत्राची घडी घातली. "भाल्याचं मी कसंही निभावून नेलं असतं," तो म्हणाला. "ताकीद दिली असती आणि विषय संपवला असता. पण तू समितीपुढे खोटं बोललास, जेबेझ. आता माझे हात बांधलेत."

'तूच बोलायला लावलंस,' हे वाक्य जेबेझच्या तोंडापर्यंत आलं होतं. ते घडलेलं होतं. तरी तो बोलला नाही.

जानेवारीपासून बिशप्स कट वॉल्टर फिअरीकडे गेला. जेबेझच्या चाळीस टोपल्या शेडमध्ये वाळत पडल्या. विलो वाळला की तडकतो. सकाळी मधूनच एखादी टोपली तडकल्याचा आवाज यायचा.

एप्रिलमध्ये मिस पेनिंग पुन्हा आली, दुसऱ्या खंडासाठी. या वेळी केझायानं किटली चुलीवर ठेवली नाही.

"मला कल्पना नव्हती, मिस्टर मर्फिट," मिस पेनिंग म्हणाली. "त्यांनी विचारलं तेव्हा मला खरं तेच लिहावं लागलं. एक वाक्य खोटं निघालं असतं, तर सगळं पुस्तक खोटं ठरलं असतं."

"बरोबर आहे."

"शब्द एकदा पडताळून घ्यायचे होते. टोपलीत वाम आली की काय म्हणता?"

"पकडली."

तिनं वर पाहिलं. "आणि लोकरीत दात गुंतले तर?"

"पकडली."

"भाल्यानं काढली तर?"

"पकडली."

"पण मागच्या वेळी तुम्ही तीन वेगळे शब्द दिले होते."

"मागच्या वेळी पाणी माझं होतं."

केझाया दाराशी पाठ करून उभी होती. मिस पेनिंगनं वहीची मागची पानं चाळली, तिथं तीन शब्द तिच्याच अक्षरात होते. पण बोलणारा आज जे बोलतो तेच लिहायचं, हा तिचाच नियम. तिनं नवीन पानावर एकच शब्द लिहिला. समोर टीप केली: फरक आता केला जात नाही.

"वाक्य सांगाल एखादं?" तिनं हळूच विचारलं.

"वॉल्टर फिअरीनं बिशप्स कटमध्ये वाम पकडली."

"हे घडलंय?"

"रोज घडतंय. जाऊन बघा."

तिनं वाक्य लिहून घेतलं. जेबेझनं वाकून वहीत पाहिलं. खाली त्याचं नाव बरोबर लिहिलं होतं, शेवटी दोन टी.