चौदा चुली

"वैनी, तेवढी चूल फोडू द्या," असं म्हणत बन्यामीन भल्या सकाळी आमच्या दारात उभा राहिला, तेव्हा त्याच्या हातात पहार होती आणि डोक्यावर ओल्या मातीचं घमेलं. ती माती मागून नवी चूल घालून द्यायला आणली होती, हे नंतर कळलं. त्या वेळी मला पहारच दिसली. अनसाबाई, माझी बायको, भाकऱ्या थापत होती. तिनं त्याच्याकडं असं पाहिलं की मीच अंग चोरलं.

चूल फोडायची म्हणजे काय, हे आमच्या दौंडकडं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. भाऊ भांडले की चुली वेगळ्या होतात, घर बुडालं की चूल विझते. आमचे दोन मुलगे एका घरात, दोन सुना एका चुलीवर, आणि अनसाबाईला त्याचा केवढा ताठा! त्यात बन्यामीनची बायको दबोरा हिला जाऊन महिनाही झाला नव्हता. अशा माणसानं भरल्या घरात पहार घेऊन यावं? पण ती त्याला तसं काही टाकून बोलली नाही. "भावजी, दुसरं काय बी मागा," एवढंच म्हणाली. तो घमेलं उचलून गेला.

आता मुळापासून सांगतो. स्टेशनापलीकडं बॉयलर दुरुस्तीचा एक कारखाना होता. मी तिथं टाइमकीपर, फाटकावर हजेरी मांडणारा, आणि बन्यामीन लेप देणारा. ॲस्बेस्टॉसची पांढरी पूड पाण्यात कालवायची आणि हातानं बॉयलरच्या अंगावर थापायची, म्हणजे आतली धग बाहेर जात नाही. वीस-बावीस वर्षं त्यानं हेच केलं. सुट्टी झाली की हा डोक्यापासून पायापर्यंत पांढरा. गिरणीतलं भूत आलं, असं आम्ही म्हणायचो, तोही हसायचा. घरी दबोरा अंगणात त्याचे कपडे झटकून काढायची.

स्वराज्य आलं त्या सालात कधीतरी त्यानं उरलेली पूड घरी नेली आणि बायकोची चूल लिंपली. चुलीला तडा जाईना, जळण निम्म्यावर आलं. अशी बातमी आळीत फिरायला कितीसा वेळ लागतो! मग रविवारी ख्रिस्ती देवळातली उपासना आटोपली की बन्यामीन कुणाच्या ना कुणाच्या स्वयंपाकघरात बाह्या सारून बसलेला असायचा. स्वतःची धरून चौदा चुली त्यानं घातल्या, आणि चहाच्या कपापलीकडं कुणाचं काही घेतलं नाही. पुडकी फाटकातून मीच सोडायचो. आमचं तर मी मागून घेतलं होतं. बाया दोन-तीन महिन्यांनी वरचा थर खरवडायच्या, भुगा झाडून टाकायच्या आणि नवा हात द्यायच्या. त्यात काही वावगं असेल असं आमच्या स्वप्नातही आलं नाही.

सहासष्टच्या उन्हाळ्यात दबोराच्या छातीत पाणी झालं. मिशनच्या दवाखान्यात दोनदा काढलं, दोनदा पुन्हा भरलं. क्षय नाही, कॅन्सर आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि नवरा काय काम करतो ते विचारलं. ही पूड वर्षानुवर्षं श्वासातून आत गेली तर असला आजार होतो, कामगाराला होतो तसा घरच्यांनाही होतो, असं त्यांनी परदेशी मासिकात वाचलं होतं. खात्रीनं सांगता येत नाही, असंही ते म्हणाले. बन्यामीननं त्यांना फक्त चुलीचं विचारलं.

पहार घेऊन आमच्या दारी आला, त्याच आठवड्यात हे सगळं त्यानं मला कारखान्याच्या फाटकाशी सांगितलं. पन्नाशीचा माणूस, भर रस्त्यात हमसून हमसून रडत होता.

"हौसराव, मी माझ्या हातानं तिला मारली. राहिलेल्या तेरा घरांतल्या बायांना तरी वाचवू द्या. माझं कुणी ऐकत न्हाई, तुमचं ऐकत्यात. तुम्ही निस्तं एकदा बोला."

मी "बघू" म्हणालो. पुडीबद्दल असल्या आवया उठवणाऱ्याचं नाव कळवायचं, अशी मॅनेजरनं मला आदल्या दिवशीच तंबी दिली होती. भ्याड माणसाला सबबी शोधायला लांब जावं लागत नाही. माझ्या नोकरीची तीन वर्षं राहिली होती.

एक चूल केंदूरला होती, माझ्या सासूबाईंची. दम लागत असताना बन्यामीन तिथवर गेला. म्हाताऱ्या साळूबाईंनी कारणसुद्धा विचारलं नाही. तू घातलीस, तूच फोड बाबा, म्हणाल्या. त्यानं तोंडाला ओलं फडकं बांधलं, चुलीवर पाणी मारलं, ती फोडली आणि मातीची नवी घालून दिली. स्वतःची त्यानं आधीच फोडली होती. राहिल्या बारा, सगळ्या आमच्या आळीत.

बायकोच्या दुःखानं याचं डोकं फिरलंय, असं आळीनं ठरवून टाकलं. तो दिसला की दारांना कड्या लागायच्या. आमच्या दाराला मी लावायचो. पुढं पुढं त्याला पहार पेलेना. मग तो रिकाम्या हातानं यायचा, पायरीवर बसून दम खायचा आणि पाणी मागायचा. अनसाबाई तांब्या द्यायची. आतल्या चुलीकडं बघत तो पाणी प्यायचा आणि निघून जायचा.

दिवाळीच्या आधी तोही गेला. छातीनंच. शिरूरला दिलेली त्याची एकुलती लेक मरियम आली, तिच्यादेखत त्याला दबोराशेजारी पुरलं.

आमच्या आळीचा रिवाज असा की माणूस गेलेल्या घरात त्या दिवशी चूल पेटवायची नाही. जेवण शेजाऱ्यांनी न्यायचं, मग घर हिंदूचं असो की ख्रिस्ती माणसाचं. मी पोचवून परत आलो तर अनसाबाई रडून रडून सुजलेल्या डोळ्यांनी चूल खरवडत होती. बन्यामीनच्या घरचा स्वयंपाक करायचा म्हणून तिला चूल स्वच्छ हवी होती. थोरली सून शेजारी बसून भुगा भरत होती.

"अनसा, त्याचं खरं व्हतं," मी म्हणालो. "डाक्तरनं सांगितलं व्हतं. मला पयल्यापासनं ठावं हाय. आज मीच फोडतो ही चूल."

तिनं मला शिव्या द्याव्यात असं मला फार वाटलं.

"आवो, माणूस गेलं," ती म्हणाली. "त्याच्या हातचं आता एवढंच राह्यलंय. मी जित्ती हाय तवर हिला कुणी हात लावायचा न्हाई."

तिनं वाकून फुंकणी तोंडाला लावली. ठसका आला, तशी पदरात तोंड धरून थांबली आणि पुन्हा फुंकू लागली. मी बाहेर येऊन पायरीवर बसलो. बाराही घरांतून धूर निघत होता. मरियमला एकटीला किती भाकरी लागणार, पण प्रत्येकीनं टोपलं भरून केल्या होत्या.