घशाच्या मापाची गोळी

ऑर्व्हल ट्वेटने सकाळी कॉफी पिता पिताच सांगून टाकलं होतं, आज गोळ्या अशाच विखुरल्या तर रायफल पुतण्याला देऊन टाकणार आणि पुन्हा म्हणून रेंजवर पाऊल ठेवणार नाही. बायको गेल्यापासून मोंटानातल्या त्या माळावरच्या रविवारच्या नेमबाजीवरच तो आठवडा काढत होता. तीही सुटली तर म्हातारा खुर्चीत बसून वाळत जाणार, याची त्याच्या मुलीला, मर्नाला, खात्री होती.

म्हणून तर तिने हा चोरटा उद्योग केला होता. ऑर्व्हल वर्षानुवर्षं एकाच साच्यातून शिशाच्या गोळ्या ओतायचा, आणि मापाचं कोणी विचारलंच तर साच्यावर कोरलेल्या आकड्यावर बोट ठेवायचा. जसा काही तो आकडा देवाने लिहिला होता. पण नळी झिजते. त्यातही तिचा घसा, म्हणजे काडतुसाच्या लगेच पुढची जागा, जिथून गोळी नळीच्या आतल्या पिळदार खाचांत शिरते. बाप गुरांकडे गेलेला असताना मर्नाने मऊ शिशाचा तुकडा तेल लावून घशात ठोकला, बाहेर काढला आणि मोजला. घसा गोळीपेक्षा केसभर मोठा निघाला. गोळी आत शिरतानाच कलंडत असणार, त्यात बापाच्या हाताचा काय दोष? तिने मोठा साचा मिळवला, घशात घट्ट बसतील अशा गोळ्या ओतल्या, काडतुसं तयार करून त्याच्या नेहमीच्या डब्यात भरली. विचारलं असतं तर त्याने घर डोक्यावर घेतलं असतं.

रेंजवर त्याने पहिलं काडतूस चढवलं आणि नेमक्या तेव्हाच लक्ष्यांमागे कोणाच्या तरी गाई आल्या. थांबा, रायफली रिकाम्या करा, असा पुकारा झाला. ऑर्व्हलने काडतूस ओढलं तर हातात नुसती पुंगळी. दारू सगळी सांडली आणि गोळी घशातच रुतून बसली.

नळीच्या तोंडाकडून गज घालून त्याने गोळी मागे ठोकून काढली, चष्मा कपाळावर सरकवला आणि ती फिरवून फिरवून पाहिली. गोळीच्या अंगावर पिळाचे वळ सगळीकडून सारखे उमटले होते.

"घसा मोजलास?"

"झिजलाय, बाबा. गोळी लहान पडत होती. तुमचा हात ठीक आहे."

"बघू."

गाई गेल्या. इथली रीत अशी, की चाप ओढल्यावर दुर्बिणीत बघायच्या आत गोळी कुठे गेली ते नेमबाजाने सांगायचं. चाप सुटताना नेम कुठे होता ते त्याचं त्याला कळतंच. गेले काही महिने ऑर्व्हल एक बाजू सांगायचा आणि भोक भलतीकडेच निघायचं. आज पहिली गोळी झाडून तो म्हणाला, उजवीकडे. भोक उजवीकडेच होतं. दुसरी खाली म्हणाला, ती खालीच. मग वर, मग पुन्हा उजवीकडे. प्रत्येक गोळी सांगेल तिथे आणि एकही मधोमध नाही. रायफल आता खरं बोलू लागली होती; चुकत होता तो बापाचा हातच.

"तू मार एक," रायफल तिच्या हातात देत तो म्हणाला. "म्हणजे शंका नको."

मर्नाचा नेम कधी चुकत नसे. मधोमध मारली तर बाप संपला. चुकवली आणि मधोमध म्हणून सांगितली, तर खापर अजून रायफलीवर फोडता येईल, आणखी साचे, आणखी रविवार. तिने नेम धरला, श्वास रोखला आणि अगदी शेवटच्या क्षणी हात मुद्दाम ढकलला.

"कुठे?" दुर्बिणीला डोळा न लावताच त्याने विचारलं.

"डावीकडे, खाली," लहानपणापासूनच्या सवयीने ती बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

ऑर्व्हल वाकून कितीतरी वेळ दुर्बिणीत बघत राहिला. भोक डावीकडे, खालीच होतं.

"मधोमध म्हणायचं होतंस, पोरी," तो शेवटी म्हणाला. रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं.

मग त्याने उरलेली काडतुसं तिच्याकडे सरकवली आणि स्टूल ओढून दुर्बिणीपाशी बसला.

"आता खरी मार. भोकं मी सांगतो."

मर्नाने रायफल खांद्याला लावली, पण समोरचं लक्ष्य तिला बराच वेळ नीट दिसेना.