नावाडीण बुडालीच पाहिजे

पान २८१.

"...आणि नावाडीण सुखरूप काठाला लागली. संपलं." लेकीने पुस्तक फटकन मिटलं.

अण्णा खुर्चीत ताठ झाले. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेला माणूस. आता डोळ्यांनी साथ सोडली, म्हणून कादंबरी लेकीच्या तोंडून ऐकायची. हीच कादंबरी त्यांच्या हाताखालून छपाईला गेली होती. पुढे दहादा वाचून झाली. आणि ही पोरगी त्यांनाच थापा मारत होती!

"सुखरूप? कोण सुखरूप?"

"नावाडीण."

"ती बुडते."

"या आवृत्तीत नाही बुडत."

"आग लागो तुझ्या आवृत्तीला! वाच."

पान २८१, पुन्हा.

लेक पाणी आणायला उठली. आल्यावर औषधाचं विचारलं. मग खिडकी लावली.

अण्णांना सगळं कळत होतं. हिची आई गेल्यापासून हेच. पेपरातल्या निधनाच्या बातम्या गाळायच्या. ओळखीचं कुणी गेलं, तर "बाहेरगावी गेलेत" म्हणायचं. बाप म्हणजे काय काचेचं भांडं?

"तुम्हाला त्रास होतो, अण्णा. मागच्या वेळी भिंग घेऊन वाचलीत आणि दोन दिवस धड जेवला नाहीत."

"नाही जेवलो! संतापलो होतो. धडधाकट बाई होडीसकट बुडवली, का, तर त्या लेखकाला दुसरा शेवट सुचेना! मी दर वेळी नव्याने चिडतो त्याच्यावर. तेवढं एक माझं उरलंय. तेही काढून घे."

लेकीने पुस्तक पुन्हा उघडलं.

"आणि आम्ही मुद्रितं वाचायचो तसं वाच. स्वल्पविराम, पूर्णविराम, सगळं मोठ्याने. त्या तालात थाप मारता येत नाही."

पान २८२.

"पाणी छातीला आलं पूर्णविराम काठावर सतरा माणसं उभी होती स्वल्पविराम पण एकानेही दोर फेकला नाही पूर्ण..." लेक अडली. "एकानेही? अण्णा, होडीवाल्यांची वस्ती ना ही? आणि दोर नाही?"

"नाही."

"हा काय चावटपणा आहे!"

"आहेच. थांबू नकोस, अजून खूप चिडायचंय तुला."

लेकीने खुर्ची पुढे ओढली. उरलेली दोन पानं तिने अशी वाचली, जणू एकेक पूर्णविराम त्या लेखकाच्या टाळक्यात हाणत होती.