नवनाथची विकेट

माईकवर: आला रे आला, पेंट शॉपचा वाघ आला. घरी मात्र भांडी घासतो.

कंपनीच्या बसमध्ये: काविळीला उसाचा रस चांगला.

पुन्हा माईकवर: चेंडू कांद्याच्या ट्रकात. ट्रक चाकणकडे. दुसरा चेंडू द्या.

ग्रुपवर मेसेज: रविवारी नवनाथशी कोणी वाद घालू नये. वाचून डिलीट करणे.

माईकवर कुणालाही ‘जी’ लावायचं नाही.

हा नियम ज्योतीरामचा. आठवडाभर कंपनीत फोर्कलिफ्ट चालवायची आणि रविवारी निघोजे गावच्या मैदानावर माईक धरायचा. लोक टेनिस बॉलचा सामना बघायला कमी आणि ज्योतीराम कुणाची कशी खेचतो ते ऐकायला जास्त यायचे. मॅनेजर असो की कँटीनवाला, बॅट घेऊन आत गेला की त्याची सालपटं निघालीच. ज्याची खेचली नाही, त्याला आपण खेळलोच नाही असं वाटायचं.

आज ए शिफ्ट विरुद्ध बी शिफ्ट. शेवटची ओव्हर. बी शिफ्टला सात धावा हव्यात.

आणि बॅट घेऊन निघाला नवनाथ.

त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला होता. साऱ्या प्लांटला ते ठाऊक होतं आणि साऱ्या प्लांटने मिळून त्या प्रकाराला कावीळ म्हणायचं ठरवलं होतं.

“कावीळच म्हण. बाकी जिभेला गाठ मार,” सुपरवायझर अण्णासाहेब ज्योतीरामच्या कानाशी लागले.

ज्योतीरामने माईक तोंडाशी नेला. एरवी जीभ कशी तुरुतुरु पळायची. आज प्रत्येक शब्दाखाली खड्डा दिसत होता.

“नवनाथजी,” तो म्हणाला, “काविळीतून बरे होऊन आले आहेत. टाळ्या.”

टाळ्या पडल्या. निरोप समारंभात पडतात तशा.

बॉलरने लेकराला टाकावा तसा चेंडू टाकला. नवनाथने तो उंच उडवला. खाली ए शिफ्टचा धम्मरत्न. त्याच्या हातून माशी सुटत नसे. चेंडू हातात आला आणि धम्मरत्नने अलगद हात उघडले. एरवी कॅच सोडणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. आज कोणी हूं केलं नाही.

नवनाथ तसाच उभा राहिला. मग बॅट काखेत मारून तरातरा माईकच्या मंडपाकडे आला.

“दे इकडं.” त्याने माईक घेतला. स्पीकर किरकिरला.

“मला कावीळ नव्हती. जगावंसंच वाटत नव्हतं. डिप्रेशन म्हणतात त्याला. आता डॉक्टर हायत, गोळ्या हायत, बायकोला, दिव्याला, मनातलं सांगतो. पण कामावर आल्यापासून बसमध्ये समदे माझ्याशी कुजबुजत बोलतात. जिता हाय मी, राव. माझी खेच की.”

माईक परत ज्योतीरामच्या हातात.

अण्णासाहेब मान हलवतायत, नको, नको. ज्योतीरामने माईकवर तळहात दाबला.

“आता बरं हाय का, भावा?”

“कधी हाय, कधी न्हाई. आज हाय.”

नवनाथ पिचकडे निघाला. ज्योतीराम त्याच्या पाठीकडे बघत राहिला. एक शब्द चुकला तर? आणि एकही नाही बोललो तर?

त्याने हात काढला.

“मंडळी, नवनाथ परत चाललाय. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, पण म्हणाले, बॅटिंगवर आपल्याकडं औषध नाही.”

नवनाथ थांबला. खांदे हलायला लागले. वळला तेव्हा तो हसत होता, तोंडभर, आणि मैदान फुटलं. शिट्ट्या, बोंबा, बाटल्यांवर ताल.

“आणि धम्मरत्न, आज लोणी लावून आलायस का हाताला? पोळीला लाव जरा.”

बॉलर मागे गेला, आणखी मागे गेला, साइटस्क्रीनला टेकला. धावत आला.

मधली दांडी हवेत.

“दांडी गुल! आरं, एवढे महिने घरी काय टीव्हीवर स्वयंपाक बघितला का रं?”

ए शिफ्ट नाचली, बी शिफ्टही नाचली. नवनाथने शतक ठोकल्यागत बॅट उंच केली.

मंडपामागे धम्मरत्न नवनाथजवळ आला. “ते डॉक्टर कुठं बसतात? एका मित्राला विचारायचं होतं.”

“मित्राला घेऊन ये. मी संगं येतो.”

धम्मरत्नने बुटाने माती उकरली. “गुरुवारी जमेल मित्राला.”

“मलाबी जमंल.”

माईकवर ज्योतीराम पुढच्या गड्याची साल काढू लागला होता.

त्या दिवशी सकाळी नवनाथ सामन्याला यायला तयार नव्हता. दिव्याने त्याची बॅट आधीच रिक्षात ठेवली होती.