सात फुटी डोंगर आणि डोळ्यांचं पार्सल

मी एक जुना डोंगर आहे. उंची सात फूट. मुक्काम संग्रहालयाचं दालन क्रमांक चार, खिडकीजवळ.

हसू नका, मित्रांनो. माझं वय काही कोटी वर्षं आहे. फार पूर्वी मी समुद्राचा तळ होतो. समुद्र आटला आणि मागे पांढऱ्या, मऊ दगडाचे थर राहिले. मग दोन भूखंड एकमेकांना ढकलू लागले. दोघांपैकी एकही मागे सरेना. मधल्यामध्ये मी चेपलो, वाकलो आणि वर आलो. याला भूगर्भशास्त्र म्हणतात. घरात दोन मोठी माणसं भांडली की धाकट्याचं जे होतं, तेच हे.

वर आल्यावर माझ्या अंगावर गवत उगवलं आणि गवतामागून रानबकऱ्या आल्या. चार बोटं रुंदीच्या कड्यावर त्या उभ्या राहत, खारट दगड चाटत आणि खाली बघत. खाली त्यांचं काही काम नसे. नुसत्या बघत.

पुढे कुणाला तरी कळलं की माझ्या दगडाचं उत्तम प्लास्टर होतं. वीस वर्षांत माझी तीन शिखरं पोत्यांत गेली. बरीचशी लोकांच्या छताला लागली, थोडी मोडलेल्या हातापायांना. अकरा पोती खाणीच्या मालकांनी या संग्रहालयाला भेट दिली. लोखंडी जाळीवर गोणपाट अंथरून, त्यावर मला थापून, कामगारांनी नऊ दिवसांत पुन्हा डोंगर उभा केला. पहिल्या वेळी उगाचच फार वेळ गेला होता.

दालनाचं नाव ठरलं ‘आपले डोंगर, आपले प्राणी’. तोवर खाणीच्या सुरुंगांपुढे रानबकऱ्यांचं एकच कुटुंब उरलं होतं. संग्रहालयाचे संचालक हळवे गृहस्थ. ही जात नामशेष होणार या विचाराने त्यांना जेवण जाईना. म्हणून त्यांनी तातडीने शिकारी पाठवला.

बोकड आणि बकरी पेंढा भरून माझ्यावर उभी राहिली. करडू मात्र जिवंत आणलं, कारण त्याच्या मापाचे काचेचे डोळे कपाटात नव्हते. डोळे हातात आल्याशिवाय काम सुरू करायचं नाही, असा नियम होता. पूर्वी एका कोल्ह्याला घाईत घुबडाचे डोळे बसवले गेले. तो अजून दारापाशी थक्क होऊन उभा आहे.

पेंढा भरणाऱ्या कारागिराला सगळे मामा म्हणत. डोळे बोटीने येत, त्यांना चार महिने लागत. तोवर मामी रोज येऊन करडाला बाटलीने दूध पाजू लागल्या. त्यांनी तिचं नाव उंडगी ठेवलं. उंडगीने मामांचा ब्रश खाल्ला, संचालकांची टोपी खाल्ली आणि दालनाची नियमावली तिसऱ्या पानापर्यंत खाल्ली. दिवसभर ती माझ्यावर चढे. माझा कडा चाटे आणि चव लागली नाही की माझ्याकडे रागाने बघे. त्या दिवसांत मी खरोखरच डोंगर होतो.

पहिलं पार्सल आलं. डोळे मसुरीच्या दाण्याएवढे निघाले.

“माप चुकलं, साहेब,” मामा म्हणाले.

“तीस वर्षांत पहिल्यांदाच?”

“वय झालं.”

दुसऱ्या पार्सलात वाटाण्याएवढे डोळे निघाले. संचालक मामांकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले.

ते गेल्यावर मामी म्हणाल्या, “अहो, आता एकदा मोठे मागवा. सारखे बारीकच मागवलेत तर त्यांच्या ध्यानात येईल. खरा चुकणारा माणूस दोन्हीकडे चुकतो.”

“तू संचालक व्हायला हवी होतीस.”

“नको बाई. माझी टोपी खाईल ही.”

मामांनी चांगले टपोरे डोळे मागवले.

चार महिन्यांनी पार्सल आलं. संचालकांनी ते स्वतः उघडलं. उंडगी माझ्यावर उभी होती. त्यांनी एक काचेचा डोळा तिच्या डोळ्याशेजारी धरला. काहीतरी खायला मिळणार म्हणून ती अगदी स्थिर उभी राहिली.

“तंतोतंत,” संचालक म्हणाले. “उगीच वयाला बोल लावता, मामा. हात अजून पक्का आहे तुमचा.”

मामांनी आयुष्यभर फक्त मेलेली जनावरं मोजली होती. ती वाढत नाहीत.

“नाही म्हणा,” मामी म्हणाल्या.

“मी नाही म्हटलं तर बाहेरचा माणूस आणतील. हिला कुठं खाजवलं की ही डोळे मिटते, ते त्याला कसं कळणार?”

मामींनी बाटली धुतली आणि रोजच्यासारखी पालथी घातली. मग त्या घरी गेल्या. परत कधी आल्या नाहीत.

बुधवारी सकाळी मामांनी दालनाचं दार आतून लावून घेतलं. मी तिथेच होतो. मला कुठे जाता येत नाही.

उंडगी हे मामांचं सर्वोत्तम काम मानलं जातं. बाहेर आता रानबकरी नाही आणि फारसा डोंगरही नाही. दोन्ही इथे नीट ठेवली आहेत. आमच्यावरची धूळ रोज झटकतात, डांबराच्या गोळ्या दर महिन्याला बदलतात. इतकी काळजी आमची पूर्वी कुणी घेतली नव्हती.

मामा आता काच पुसायला असतात. मित्रांनो, तुम्ही सहलीला आलात तर काचेला खुशाल हात लावा, नाक चिकटवा. ते पुसतील. फक्त त्यांना ‘ही खरी आहे का?’ असं विचारू नका. ते ‘हो’ म्हणतात. मग तुमच्यातलं कुणीतरी हटकून विचारतं, “मग मेली कशी?”